बाहेर जाणारा डोळा, आणि ऑपरेशनच्या आधीची पट्टी

आमच्या लेकीचा डोळा मधूनच बाहेर सरकतो. दमली की, झोप आली की, लांब बघताना जास्त, आणि उन्हात गेली की एक डोळा गच्च मिटून घेते. डॉक्टरांनी ऑपरेशनचा विषय काढला पण आधी काही महिने पट्टी लावा म्हणाले. झालं, घरात सुरू, पट्टीने काय होणारे, उगाच वेळ घालवतायत. आणि दुसरीकडून, अगं तिरळेपणा लकी असतो, हात लावू नका!! दोन्ही ऐकून खरंच राग येतो.

पट्टीने स्नायू बळकट होत नाही, हे आधी डोक्यातून काढा. डोळा बाहेर गेला की एकाची दोन चित्रं दिसायला हवीत, पण लहान मुलाचा मेंदू त्या डोळ्याचं चित्र बंदच करून टाकतो, म्हणून पोर तक्रारही करत नाही. चांगल्या डोळ्यावर पट्टी लावली की मेंदूला दुसऱ्याकडून काम घ्यावंच लागतं. नजर कमी असेल (लेझी आय) तर ती आधी सुधारलेली बरी, कारण ऑपरेशनने डोळा सरळ होतो पण नजर वाढत नाही, आणि दोन्ही डोळे नीट बघत असतील तर पुढे सरळ राहण्याची शक्यता जास्त.

अजून एक पट्टी असते, तासाभराची, क्लिनिकमध्येच. तिने दोन्ही डोळ्यांनी मिळून बघणं तेवढ्यापुरतं तुटतं आणि डोळा खरा किती बाहेर जातो ते मोजता येतं. स्नायू किती मिलिमीटर मागे न्यायचा ते या मापावर ठरतं, मग ते फालतू कसं?

आणि तिसरी पट्टी, बाहेर सरकणारा डोळा आवरायला. अमेरिकेत असाच मधूनच डोळा बाहेर जाणाऱ्या 3 ते 10 वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास 2014 मध्ये आला, रोज 3 तास पट्टी. 6 महिन्यांनी पट्टीवाल्यांपैकी 0.6 टक्के मुलांचं बिघडलेलं, नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकी 6.1 टक्के. म्हणजे पट्टीचा फायदा थोडाच, पण बहुतेक मुलांचं तसंही इतक्यात बिघडत नाही, मग घाईघाईत ऑपरेशन उरकायचा हट्ट कशाला?

मात्र कुणाचं बघून मनाने पट्टी लावू नका प्लीज. कुठल्या डोळ्यावर, किती तास, हे डॉक्टरच सांगणार, जास्त झाली तर चांगल्या डोळ्याची नजरही उतरू शकते. आणि चष्म्यावर रुमाल नको, कडेने बघतात पोरं, त्वचेला चिकटणारीच घ्या. आणि डॉक्टरांना सरळ विचारा, ही पट्टी नजरेसाठी, मापासाठी, की डोळा आवरायला? आम्ही विचारलं तेव्हा त्यांनी कागदावर डोळे काढून समजावलं, आणि तोच कागद दाखवल्यावर घरातले गप्प झाले.