आधी व्यसन की आधी मन? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

व्यसनाच्या जोडीला मानसिक आजारही असलेल्या रुग्णाला दाखल करून दोन्हींवर एकाच चमूने उपचार करावेत, या माझ्या म्हणण्यावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. दारू सुटल्याशिवाय मनाच्या आजाराचे निदानच होत नाही, गोळ्या म्हणजे एका व्यसनाच्या जागी दुसरे व्यसन, आणि दाखल करणे म्हणजे काही आठवडे कोंडून ठेवणे, बाहेर पडल्यावर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, असे आपण लिहिता.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. सतत पिणाऱ्या माणसाचे नैराश्य पुष्कळदा दारूमुळेच आलेले असते आणि ती थांबल्यावर काही आठवड्यांत आपोआप ओसरते. म्हणूनच नैराश्याचे स्वतंत्र निदान पक्के करण्यापूर्वी मनोविकारतज्ज्ञ साधारण महिनाभर थांबतात. परंतु निदान पक्के होईपर्यंत उपचारही थांबवावेत, असा अर्थ आपण त्यातून काढता, तो मला मान्य नाही. लक्षणे दारूच्या आधीपासून होती का, पूर्वी दारू बंद असतानाही ती टिकली होती का, हे पहिल्या दिवशीही विचारता येते. आणि जिवाचे बरेवाईट करून घेण्याची भाषा करणाऱ्याला महिनाभराने या, असे सांगता येत नाही. प्रत्यक्षात व्यसनमुक्ती केंद्र म्हणते आधी मनाचे पाहा, मनोरुग्णालय म्हणते आधी दारू सोडा, आणि नातेवाईक दोन्हीकडे खेटे घालत राहतात.

दाखल करण्याचा खरा उपयोग सुरुवातीच्या दिवसांत दिसतो. शेवटच्या पिण्यानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरू लागतात, फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक असतो, आणि काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास वात होतो, म्हणजे भान हरपून भास होऊ लागतात. अंथरुणावर किडे फिरताना दिसणाऱ्या या रुग्णाला घरचे लोक वेडा ठरवून मोकळे होतात. वॉर्डातली परिचारिका मात्र नाडी, रक्तदाब, घाम नोंदवते, आज वार कोणता आणि आपण कुठे आहोत हे विचारते. वात झालेल्याला हे सांगता येत नाही; स्किझोफ्रेनियाच्या (वास्तवाचे भान सुटणाऱ्या मानसिक आजाराच्या) रुग्णाला बहुधा आवाज ऐकू येतात, पण वार आणि जागा सहसा सांगता येते. दुसरे उदाहरण तंबाखूचे. सिगारेटच्या धुरामुळे क्लोझापीन आणि ओलान्झापीन ही स्किझोफ्रेनियासारख्या आजारांवरची औषधे यकृतात लवकर निकामी होतात, त्यामुळे वॉर्डात धूम्रपान बंद झाले की त्याच डोसाने रक्तातील औषध काही दिवसांत वाढते आणि रुग्ण पेंगू लागतो. निकोटिनची पट्टी लावूनही हे टळत नाही, कारण परिणाम धुराचा असतो. ही सुस्ती व्यसन सोडल्याची समजली गेली, तर डोस कमी करायचे कोणाला सुचणारच नाही.

गोळ्यांविषयी थोडक्यात. नैराश्यावरच्या काही गोळ्या एकदम थांबवल्या तर त्रास होतो हे खरे, पण त्यांची किंवा लिथियमची (मनाचे टोकाचे चढउतार आवरणाऱ्या औषधाची) तलफ येत नाही. डायझेपामसारख्या शांत करणाऱ्या औषधांबाबत आपली भीती रास्त आहे: दारू सोडताना ती अनेकदा लागतात, मात्र काही दिवसांत कमी करत बंद व्हायला हवीत. त्यांची पाकिटे हाती देऊन रुग्णाला घरी पाठवणे मलाही गैर वाटते.

दाखल होणे सर्वांनाच आवश्यक आहे, असे मी म्हटलेले नाही. तीव्र मानसिक आजार आणि व्यसन एकत्र असताना कोणती एक मानसोपचार पद्धत नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरते, याचा भक्कम पुरावा २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यालाही (अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यालाही) मिळाला नाही. व्यसन सोडताना गंभीर त्रास होण्याचा संभव, आत्महत्येचा धोका, वास्तवाचे भान सुटणे किंवा घरी सुरक्षित आसरा नसणे, यांपैकी काही असेल तरच मी दाखल करण्याचा आग्रह धरीन.

‘बाहेर पडल्यावर काय’ हा आपला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांचे व्यसन असेल तर वॉर्डातल्या काळात शरीराची तो पदार्थ सोसण्याची क्षमता उतरते आणि घरी परतल्यावर जुन्याच मात्रेने जीव जाऊ शकतो. तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर पुढील भेटीची तारीख त्याच आठवड्यातील असावी, दोन्ही आजारांची औषधे एकाच डॉक्टरने लिहिलेली असावीत आणि तलफ अनावर झाली तर फोन कोणाला करायचा, हे रुग्णाबरोबर घरच्यांनाही माहीत असावे.