सूत्रांची वही आणि राधानगरीचा दरवाजा

भाची बारावीला आहे, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या क्लासला जाते, मेडिकल प्रवेशाची नीट परीक्षा देणार आहे. क्लासनं सूत्रांची खिशात मावणारी वही दिली आणि घरात दोन तट पडले. ताई म्हणते, समजल्याशिवाय एकही सूत्र पाठ करायचं नाही. दाजी म्हणतात, आधी पाठ कर, समजून घ्यायला एमबीबीएसची वर्षं पडलीत. मी मँचेस्टरला राहतो म्हणून दोघंही मलाच साक्षीला ओढतात. "तुमच्याकडं पोरं समजून शिकतात न्हवं?"

इथं ए-लेव्हलच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या, फिजिक्सला सूत्रांची पुस्तिका पेपरबरोबरच मिळते, कॅल्क्युलेटर चालतो. सोळाव्या वर्षीच्या जीसीएसईलाही २०२२ पासून सूत्रांचं पान देतात. पण म्हणून इथली पोरं ज्ञानेश्वर झाली नाहीत. जुने पेपर घासतात, गुण मिळवून देणारी वाक्यं तोंडपाठ करतात. खरा फरक वेळेचा आहे. एका मंडळाचा ए-लेव्हल फिजिक्सचा पहिला पेपर ८५ गुणांचा, वेळ दोन तास. बरेचसे प्रश्न लिहून सोडवायचे आणि उत्तर चुकलं तरी रीतीला गुण. नीटला १८० मिनिटांत १८० प्रश्न. बरोबरला चार, चुकलं की एक वजा, कॅल्क्युलेटर नाही, रीत कुणी बघत नाही. तिथं जो आलेख काढून सूत्र सिद्ध करत बसेल त्याचा पेपर सुटणारच नाही. तेव्हा दाजींचं अगदीच चूक नाही.

पण मग मी भाचीला कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी धरणाबद्दल विचारलं. पावसाळ्यात धरण भरलं की स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. नदीकाठच्या माणसाला हे आकडे पाठ असतात. म्हटलं, साधा उभा दरवाजा धर. उंबऱ्यापासून पाण्याची उंची दुप्पट झाली तर जोर किती वाढेल? "पी बरोबर एच रो जी. दुप्पट, मामा." म्हणजे दाब बरोबर पाण्याची उंची गुणिले घनता गुणिले गुरुत्वप्रवेग. सूत्र बरोबर, उत्तर चूक. सरासरी दाब दुप्पट होतो, पण भिजलेलं क्षेत्रफळही दुप्पट होतं, म्हणून जोर चौपट. दरवाजा तळाशी बिजागरीवर असेल तर त्याला उलटवणारा परिणाम आठपट, कारण जोराचा मध्यही वर सरकतो. अशा दरवाजाला वरचं थोडं पाणीसुद्धा का भारी पडतं ते इथं कळतं. लागणारी सगळी सूत्रं तिच्याच वहीत होती, निरनिराळ्या पानांवर.

माझं म्हणणं सरळ आहे: नीटच्या पेपरात सूत्रांचं एक पान छापा आणि फिजिक्सचे प्रश्न कमी करा. २०२५ला २२ लाखांवर मुलं बसली. पर्यायी प्रश्नांवाचून इलाज नाही, मान्य. पण चार पर्यायांतही दरवाजाचा प्रश्न विचारता येतो. पर्यायांत दुप्पट, चौपट, आठपट टाका, घोकणारा पहिल्यावरच खूण करेल. आज असा प्रश्न आला तर मुलं तो सोडून पुढं जातात, कारण घड्याळ थांबत नाही. (घड्याळ इथंही आहेच. मेडिकलला जायचं तर बहुतेक ठिकाणी यूकॅट ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, तिच्यात विज्ञान नाही, वेगाची परीक्षा मात्र तेवढीच.)

दाजींना हे पटलेलं नाही. "सूत्रं पेपरातच दिली तर मेरिट लागायचं कसं?" जागा थोड्या आणि पोरं लाखांनी, म्हणून आठवणीची चाळणी लावायची, एवढाच त्याचा अर्थ. ती स्वस्त पडते. ताईचं म्हणणं, दरवाजाचा तो प्रश्न आधी दाजींनाच सोडवायला द्या.