गहिवर आणि गव्हाचा कोंडा

निरोप समारंभाच्या पत्रकात मी 'सर्वांना गहिवरून आले' लिहिलं होतं. एका गृहस्थांनी ते माझ्यादेखत लाल पेनानं खोडलं.

"अशुद्ध आहे. मूळ शब्द गहूवर."

"गहूवर?"

"गहू पाखडताना काय वर येतं? कोंडा. कोंड्यावरून कोंडमारा. भावना कोंडल्या की गहूवर. सगळी भाषा सुपातून आली आहे हो!"

"आणि हुंदका?"

"कोंडा नाकात गेल्यावर."

बाजूच्या दोघांनी माना डोलावल्या. ठसक्यात खोटं बोललं की ते व्युत्पत्तिशास्त्र होतं, आणि खरं सांगणारा आगाऊ ठरतो.

गहिवर आला 'गह्वर' या संस्कृत शब्दावरून. गह्वर म्हणजे खोल, दुर्गम जागा, गुहा. कठोपनिषदातलं 'गह्वरेष्ठं' ते हेच. 'ह्व' हे जोडाक्षर जिभेला जड, म्हणून मधे 'इ' शिरला. हर्षाचा हरिख झाला तसाच. जुन्या छपाईत 'गहिंवर' असा अनुस्वारही भेटतो. १९६२च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, त्यात हाही गेला. कोंडमारा 'कोंडणे'वरून आला. कोंड्याशी त्याची सोयरीक नाही.

गहिवर म्हणजे रडणं नव्हे. तो दाटतो, कंठाशी अडतो. बाहेर फुटला की हुंदका. म्हणून 'गहिवरून ढसाढसा रडला' वाचलं की मला पेन हवंसं वाटतं (लाल). 'मी गहिवरलो' चालतं, पण 'मला गहिवरून आलं' जास्त खरं, कारण त्यात कर्तेपण आपल्याकडे नाहीच. नाट्यशास्त्रातल्या आठ सात्त्विक भावांतला (भावनेनं शरीरावर आपोआप उमटणाऱ्या खुणांतला) स्वरभेद, म्हणजे आवाज बदलणं, तो हाच. विश्वरूप पाहिल्यावर गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुन 'सगद्गदं' बोलतो, तोही याच घशानं. भावना दाटली की श्वासासाठी स्वररंध्र, म्हणजे स्वरतंतूंमधली फट, उघडं राहू पाहतं. गिळायला गेलं की ते मिटावं लागतं. या ओढाताणीत गोळा जाणवतो, तोच आपण आवंढा म्हणून गिळतो.

यातलं एक अक्षरही मी तिथे बोललो नाही.

"राग नाही ना आला?" गृहस्थांनी विचारलं.

"छे!" म्हटलं. आवंढा गिळला. संतापाचाही गिळता येतो, फक्त त्याला कोणी गहिवर म्हणत नाही.

पत्रक छापून आलं. 'सर्वांना भरुन आले.' रु ऱ्हस्व.