चाळिशीची वाट कशाला पाहायची?

किचनच्या ओट्यासाठी लागणारा कृत्रिम क्वार्ट्झचा दगड बनवायला, पुरवायला आणि बसवायला ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून बंदी घातली. अशी बंदी घालणारा हा जगातला पहिला देश. या दगडात 90 टक्क्यांहूनही जास्त सिलिका, म्हणजे वाळूतलं मुख्य खनिज, असू शकते, ग्रॅनाइटमध्ये त्याच्या निम्मीही नसते. मी मेलबर्नला राहते, त्यामुळे हा वाद जवळून पाहिला. आधी कोरडं कापणं बंद झालं, मग हवेतल्या सिलिकेची मर्यादा घनमीटरला 0.1 वरून 0.05 मिलिग्रॅमवर आणली. तरी तिशीतले कामगार सिलिकोसिसने, म्हणजे सिलिकेची धूळ फुप्फुसात साचून होणाऱ्या आजाराने, आजारी पडतच राहिले, तेव्हा कुठे दगडावरच बंदी आली.

हाच दगड पुण्यातल्या नव्या फ्लॅटमध्ये हौसेने बसवला जातो. बहिणीच्या घरी सिंकसाठी खाच पाडताना मी उभी होते. विशीतला मुलगा, हातात ग्रायंडर, पाण्याचा थेंब नाही, नाकाला रुमाल. भुवया, केस, कानाच्या पाळ्या पांढऱ्या झालेल्या. जी धूळ फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते ती डोळ्यांना दिसतही नाही आणि रुमालाने अडतही नाही. एकदा फुप्फुसावर व्रण पडले की औषधाने ते भरत नाहीत, काम सोडलं तरी आजार वाढत राहू शकतो.

आपल्याकडे सध्या वाद चाललाय तो 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रम संहितांचा. विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या 10 कामगारांवरून 20 वर नेली, कामगार कपातीची मोकळीक वाढवली, यावर दोन्ही बाजू हमरीतुमरीवर येतात. ते प्रश्न महत्त्वाचेच आहेत. पण छातीत काय साचतंय, यावर कोणी बोलायला तयार नाही.

ऑस्ट्रेलियात यावर बोललं गेलं, याचं कारण मला दिसतं ते असं की इथे आजारी माणसं शोधली गेली. इथल्या क्वीन्सलँड राज्याने 2018 मध्ये दगड कापणाऱ्यांची तपासणी सुरू केली आणि आकडे समोर आल्यावर सरकारला गप्प बसता येईना. आपल्याकडे दम लागला की दमा, खोकला हटेना की टीबी. सिलिकोसिस झालेल्याला टीबी होण्याचा धोका खरोखरच जास्त असतो, त्यामुळे मूळ आजार आणखी झाकला जातो. कोल्हापूरच्या फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतीव भागांवरची वाळू आणि कडा घासून काढायला, असलेल्या माणसाला ‘काम काय करता?’ असं विचारणारा डॉक्टर भेटायला हवा. सिलिकोसिस 1948 च्या कारखाना कायद्यातच सरकारला कळवण्याजोग्या आजारांच्या यादीत होता. पण निदानच झालं नाही तर कळवणार काय?

‘ऑस्ट्रेलियाला परवडतं, आपल्याला नाही,’ हे उत्तर मला पटत नाही. ग्रायंडरच्या पात्यावर पाणी सोडायला, धूळ ओढणारा पंखा लावायला श्रीमंत देश असावं लागत नाही. राजस्थानने 2019 मध्ये सिलिकोसिससाठी स्वतंत्र धोरण आणलं आणि आजार प्रमाणित झाला की कामगाराला 3 लाख रुपये द्यायचं ठरवलं. ते काही ऑस्ट्रेलियाहून श्रीमंत राज्य नव्हे.

40 वर्षांवरील कामगारांची दरवर्षी मोफत तपासणी हा नव्या संहितांचा मोठा फायदा म्हणून सांगितला जातो. अठराव्या वर्षी ग्रायंडर धरणाऱ्याला चाळिशीपर्यंत थांबवणं अन्यायाचं आहे. धुळीच्या कामाला वयाची अट नकोच. कामावर घेतानाच छातीचा एक्स-रे आणि फुप्फुसांची चाचणी व्हावी, पुढे दरवर्षी व्हावी आणि त्याचे कागद कामगाराच्या हातात मिळावेत, कारण ठेकेदार दर सहा महिन्यांनी बदलतो.