ससा आजारी पडला, तर दोघांनाही न्या

गेल्या मे महिन्यात माझा भुऱ्या आजारी पडला आणि मी त्याला चिंगीपासून वेगळं केलं. चूक माझीच होती. आता आपल्याकडे खेड्यातही पोरं हौसेनं सशाची जोडी आणतात, म्हणून लिहिते आहे.

आमचं गाव आर्वी तालुक्यात. पारा ४५ च्या वर आणि दुपारभर लाईन नाही. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, अंगातली गरमी तो कानांतून बाहेर टाकतो. त्या संध्याकाळी मी भुऱ्याच्या नाकाजवळ सांभाराची (कोथिंबिरीची) काडी धरली, तर त्यानं तोंड फिरवलं. खोक्यात लेंड्या दिसत होत्या, म्हणून मी निश्चिंत झोपले. त्या सगळ्या चिंगीच्या होत्या! जोडी असली की हाच घोळ होतो. म्हणून आता मी रोज दोघांना वेगवेगळं, स्वतःच्या हातानं चारते आणि कोण खात नाही ते पाहते.

सकाळी भुऱ्या कोपऱ्यात पाठ गोळा करून बसला होता. कान थंडगार, आणि दात कचकच घासत होता. सशाला दुखत असलं की तो असा दात घासतो, सहसा ओरडत नाही. शेजारचे काकाजी म्हणाले, "त्याले वेगया ठेव वं पोरी, नाईतं थेबी जाईन." मी ऐकलं. एकट्या भुऱ्याला घेऊन नागपूर गाठलं. आतडी मंदावली होती. डॉक्टरांनी सलाईन आणि दुखण्याचं औषध दिलं आणि एक रात्र ठेवून घेतलं.

इकडे चिंगीनं गवताला तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशी भुऱ्याला खोक्यात सोडलं, तर तिनं त्याला हुंगलं आणि सरळ कानाला चावली. त्याच्या अंगाला दवाखान्याचा वास होता, तिच्यासाठी तो परका झाला होता. दोघांना पुन्हा एकत्र आणायला मला तीन आठवडे लागले. बरं, एकाच खोक्यात राहणाऱ्यांना लागण व्हायचीच असेल, तर बहुतेक वेळा आधीच झालेली असते. मग वेगळं करून मिळवलं काय? डॉक्टरांनीच सांगितलं तर गोष्ट वेगळी.

या मे महिन्यात भुऱ्याला परत तसंच झालं. या वेळी दोघं एकाच टोपलीत, खाली त्यांचंच वापरलेलं गवत. चिंगी वाटभर त्याचं कपाळ चाटत होती. घरी आल्यावर डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे बिनसुईच्या सिरिंजनं सशाच्या भिजवलेल्या खाद्यदाण्यांची पेज थोडी थोडी भरवली. चिंगी शेजारी बसून गवत कुरतडत होती, आणि तिसऱ्या पहाटे तिच्याच तोंडातली काडी भुऱ्यानं ओढली. मी रडले.

ससा १२ तास खात नसेल, लेंडी पडत नसेल, तर थांबू नका. पोट फुगून टणक लागत असेल, तर घरी काही भरवू नका. ढोरांच्या दवाखान्यात गेलात, तर औषध सशाला चालतं का हे नक्की विचारा. अमॉक्सिसिलीन तोंडावाटे दिलं तर ससा दगावू शकतो.

आणि एक गेलाच, तर दुसऱ्याला थोडा वेळ त्याच्याजवळ राहू द्या, हुंगू द्या. नाही तर तो जोडीदाराला शोधत राहतो.

माझ्याकडे दोन ससे बसतील अशी झाकणाची टोपली आहे. आर्वी-पुलगावकडे कुणाला लागली तर मेसेज करा, रात्री-बेरात्रीही चालेल.