नाळेला काही न लावण्याची चैन

घरच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय: खेड्यातल्या नवजात बाळांच्या नाळेला लावायला क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक मलम द्यावं का? बार्शी तालुक्यात आशा सेविका असलेली मावसबहीण म्हणते, द्या. सोलापुरातला डॉक्टर भाचा म्हणतो, गरज नाही, आणि साक्षीला मलाच ओढतो, "मामा, तुमच्या इंग्लंडात लावतात का काही?"

नाही लावत. लेकीच्या वेळी मिडवाइफ घरी आली, साध्या पाण्याने पुसा, कोरडी ठेवा, लंगोट नाळेच्या खाली दुमडा, एवढं सांगून गेली. पण या 'काही नको'च्या मागे चोवीस तास नळाचं पाणी आहे, घरी येऊन बेंबी बघणारं माणूस आहे. सोलापुरात पाणी किती दिवसांआड येतं, हे भाच्याला मी काय सांगू!

त्याचा अभ्यास मात्र पक्का. नेपाळच्या सर्लाही जिल्ह्यात क्लोरहेक्सिडिनने नाळ पुसलेल्या बाळांचे मृत्यू 24 टक्क्यांनी कमी झाले, हे 2006 चं. तिथे बहुतेक बाळंतपणं घरीच. पुढे झांबियात आणि टांझानियाच्या पेंबा बेटावर मृत्यू घटल्याचं दिसलं नाही. जागतिक आरोग्य संघटनाही 2022 पासून म्हणते की नाळ स्वच्छ, कोरडी ठेवा. शेणासारखं घातक काही लावायची रीत असेल तिथेच हे औषध वापरा. म्हणजे सरसकट जिल्हाभर वाटायचं कारण नाही.

पण रीत बघायला ओपीडीतून उठावं लागतं. बहीण तिसऱ्या दिवशीच्या भेटीला जाते तेव्हा कुठे बेंबीवर हळद-तेलाचा पिवळा थर असतो, कुठे चुलीची राख. आजीला नुसतं "काही लावू नका" म्हटलं तर ती मान डोलावते आणि पाठ वळली की वाटी काढते. तिच्या बोटाला काहीतरी काम हवंच असतं. अशा घरी आणि ऊसतोडीच्या कोप्यांवर ट्यूब द्यावी, असं माझं मत.

देताना आजीला आधीच सांगावं लागेल, की या औषधाने नाळ एक-दोन दिवस उशिरा गळते. नाहीतर "अजून कशी पडंना" म्हणून राख परत येणार. आणि द्यायची ती ट्यूबच, बाटली नको. काही देशांत डोळ्यांचे ड्रॉप समजून बाटलीतलं हे पातळ औषध बाळांच्या डोळ्यांत घातलं गेलंय, डोळ्यांना इजा झालीय.