म्हणे एकही निरपराध मेला नाही!

१७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिदिन जवळ आला की हा मेसेज फिरायला लागतो. यंदा भाच्यानं तो थेट माझ्या ८८ वर्षांच्या आईलाच वाचून दाखवला: "मराठवाडा कुणी लढून मिळवला नाही. पोलिसांनी पाच दिवसांत आयता दिला. त्यात फक्त रझाकार मेले, एकही निरपराध नाही."

पोलीस कसले? १३ सप्टेंबर १९४८ ला रणगाडे घेऊन निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरली ती भारताची, जनरल चौधरींची फौज. 'पोलीस अ‍ॅक्शन' हे नुसतं नाव. लढल्याचं म्हणाल तर हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ पासूनची बंदी, स्वामी रामानंद तीर्थांचा तुरुंगवास, सरहद्दीवरचे कॅम्प, एवढं तर शाळेतली पोरंही सांगतील. फौज आली नसती तर निजाम हलला नसता, हे मात्र खरं. तेवढं घ्या पदरात.

पण "फक्त रझाकार मेले"? रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या खासगी फौजेनं, गावं लुटली, माणसं मारली, यात वादच नाही. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी आमच्या लातुरातच वकिली करायचा. म्हणून काय प्रत्येक मुसलमान रझाकार? ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी हैदराबादेत ज्या संपादकाला मारलं तो शोएबुल्ला खान कोण होता मग?

नेहरू सरकारनंच पंडित सुंदरलाल यांची समिती इकडं पाठवली होती. त्यांचा अंदाज: कारवाईत आणि तिच्या नंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मेली. सगळ्यात वाईट हाल उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड जिल्ह्यांत. काही ठिकाणी लष्करातल्या लोकांचाही हात होता, असंही त्यांनी लिहिलंय. आणि जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदू भेटले, हेही. एका विहिरीत त्यांनी ११ प्रेतं मोजली. एक बाई होती, छातीला लेकरू बिलगलेलं. ते लेकरू कुठल्या तुकडीतलं रझाकार, भाऊ? सरकारनं तो अहवाल कित्येक वर्षं दाबून ठेवला, म्हणून तर असले मेसेज खपतात.

आईनं मेसेज पुरता ऐकून घेतला. तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची. भाच्याला म्हणाली, "आपला पिंजारी कुठं गेला मग? गादीचा कापूस दिला होता त्याला माझ्या मायनं. पोळा झाल्यावर देतो म्हणला होता."

भाच्यानं मेसेज डिलीट केला. ग्रुपवर मात्र तो अजून तसाच आहे.